घासाच्या वाटेवर चार आया

माझा धंदा आवाज जाड करण्याचा आहे. एवढंच सांगितलं की लोकांना वाटतं मी काहीतरी लपवतोय, म्हणून नीट सांगतो. पिंपरी पेंढारच्या बाहेर आमचा मळा आहे. गोठ्याला लागून एक खोली आहे आणि त्या खोलीच्या भिंतींना आईच्या जुन्या गोधड्या ठोकून मी स्टुडिओ केलाय. तिथं हळदीची गाणी होतात, वाढदिवसाची होतात आणि मुख्य म्हणजे शर्यतीच्या बैलांची होतात. आमच्या भागात बैलगाडा पळवणाऱ्या माणसाला आपल्या बैलाचं गाणं नसलं तर घाटात, म्हणजे शर्यतीच्या मैदानात, उभं राहायला लाज वाटते. बैलाला काही वाटत नाही.

ही गाणी पेठचा एक गायक गातो. गळा खणखणीत आहे, पण एकटा आवाज कितीही खणखणीत असला तरी ढोल आणि कीबोर्डच्या गर्दीत हडकुळा वाटतो. त्यावर जुना उपाय असा की गायकाने तीच ओळ दोनदा गायची आणि दोन्ही आवाज एकावर एक चढवायचे. दुसऱ्यांदा गाताना कुठं केसभर उशीर होतो, कुठं सूर जरासा ढळतो, आणि त्या फरकामुळेच आवाज भरदार लागतो. याला डबल ट्रॅक म्हणतात. आमचा गायक मात्र दुसऱ्यांदा गात नाही. "एकदा गायलो ते मनापासून, राव. पुन्यांदा गायलो तर ती नक्कल व्हईल," असं म्हणून तो गाडीला किक मारतो.

म्हणून मी एआयचं सॉफ्टवेअर घेतलं. ते गायकाचं एकदाच गायलेलं ऐकतं आणि हाच माणूस पुन्हा गायला असता तर कसा गायला असता, ते स्वतःच तयार करतं. त्याच्याच चुका करतं, त्याच्याचसारखं दमतं. त्याला पडद्यावर फिरवायच्या दोन चाव्या आहेत. एकीनं दुसरा आवाज किती मागंपुढं सरकवायचा ते ठरतं, दुसरीनं सूर किती ढळू द्यायचा ते. एका माणसाची चार माणसं करता येतात. मी पहिल्या दिवशी एका गायकाचे चार करून ऐकत बसलो होतो आणि जेवायचंही विसरलो होतो.

आता आईकडे येतो. घरात आम्ही दोघंच. वडील गेल्यापासून दोन गाई, त्यांच्या चाऱ्याच्या घासाचे वाफे आणि कांद्याचं रान आई बघते. मी स्टुडिओ बघतो, म्हणजे उशिरापर्यंत जागतो आणि नऊला उठतो. आई रोज सकाळी सहाला घास कापायला जाते. त्या वाटेला दोन्ही बाजूंनी ऊस आहे, आणि आमच्याकडच्या उसात कोण असतं हे जुन्नरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. वाघरू. पुस्तकात त्याला बिबट्या म्हणतात. वन खात्याची माणसं येऊन सांगून गेली होती, एकट्यानं फिरू नका, चारजण मिळून जा, मोठमोठ्यानं बोलत जा.

आईकडे मोठ्यानं बोलायला तोंड होतं, चारजण नव्हते. सगळ्या बायांच्या धारेच्या वेळा वेगळ्या. मग ती एकटीच बोलत जायची. मोबाईलवर गाणी लावून बघितली, पण लग्नसराईत मंडपातली गाणी ऐकून ऐकून वाघरू त्याला सरावलंय, असं गावाचं मत होतं. त्याला माणसांच्या बोलण्याचीच काय ती भीती उरलीय म्हणे. मागच्या थंडीत एक दिवस आई घासाचा भारा टाकून ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मला आता भ्या वाटतंय रं." आई असं कधी म्हणत नाही.

शहाण्या मुलानं काय केलं असतं ते मला आता कळतं. मी काय केलं तर तिला स्टुडिओत नेऊन माइकसमोर उभं केलं.

"काय बोलू?" आईनं विचारलं.

"रोज बोलतेस तेच बोल."

ती माइकपुढे सरकली. मग पदर सावरून म्हणाली, "पावणं, वाट सोडा. मी आले. कोण हाय तिकडं? घास न्यायला आले, दुसरं काय न्हाई. गाय व्यायला झालीय. तुमी तुमच्या वाटंनं जा, मी माज्या वाटंनं जाते. पावणं, माघारी फिरा." असं पंधरा मिनिटं. वाघराला तिनं दुधाचं सांगितलं, कांद्याचं सांगितलं, माझं लग्न जमत नाही हेही सांगितलं. मी हेडफोन लावून सुराचा काटा बघत होतो. आवाज थोडा कापत होता. मी तो कापरेपणा सॉफ्टवेअरनं काढून टाकला. वाघराला कापरा आवाज ऐकवून कसं चालेल?

पहिला प्रयोग फसला. सूर आणि वेळ जास्त ढळू न देता मी आईच्या चार आया केल्या, तर त्या शाळेतली पोरं पाढे म्हणतात तशा एकसुरात "पावणं, वाट सोडा" म्हणायला लागल्या. मग मी चाव्या सोडल्या. दुसरीला जरा आधी आणली, तिसरीचा सूर नाकात चढवला, चौथीला इतकी ढिली सोडली की बाकीच्यांचं वाक्य संपून शांतता झाल्यावर तिचं संपायचं. दोघी डावीकडे, दोघी उजवीकडे. दोन चार्जिंगचे स्पीकर आईच्या विळ्याच्या पिशवीत दोन बाजूंना शिवून दिले. बटण दाबलं आणि अंगणात चार बाया एकमेकींच्या बोलण्यात बोलायला लागल्या. खरं सांगतो, माझ्या आजवरच्या कामात इतकं नैसर्गिक डबलिंग मी केलं नव्हतं. मी हे ऐकवायला आसपास कोणी गायक आहे का ते बघत होतो.

दुभत्या गाईनं मात्र त्या दिवशी पान्हा सोडला नाही. आईचा आवाज चार बाजूंनी यायला लागल्यावर तिनं चारही बाजूंना मान वळवून बघितली आणि मग कोणावरच विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं.

आईला पहिले दोन दिवस लाज वाटली. नंतर ती त्यांच्याशी भांडायला लागली. घास टाकता टाकता मला सांगायची, "ती दुसरी लई पुढं पुढं करती. माजं तोंड उघडायच्या आत बोलती." किंवा, "चौथी आळशी हाय. तिला जरा हाल म्हणावं." रेकॉर्डिंगमध्ये "कोण हाय तिकडं?" असं वाक्य होतं. ते चौघींनी विचारलं की आई रोज उत्तर द्यायची, "मी हाय गं, मी." मी म्हटलं, अगं त्या तूच आहेस. ती म्हणाली, "म्हणून काय उत्तर द्यायचं न्हाई व्हय?"

एकदा आई संध्याकाळीही घासाला गेली होती आणि नेमके तेव्हाच मला बघायला दोन पाहुणे मोटारसायकलवर येत होते. उसाच्या आडून चार बायांनी त्यांना एकापाठोपाठ एक सांगितलं, पावणं, वाट सोडा, पावणं, माघारी फिरा. ते माघारी फिरले. मध्यस्थानं फोन करून विचारलं, घरात नक्की किती बाया आहेत? मी म्हटलं, एक. तो म्हणाला, "खोटं बोलून सोयरिक जमत नसती, भाऊ." आणि फोन ठेवला.

वाघराचं काय झालं ते सांगता येत नाही. दोन-तीनदा वाटेवर पंज्याचे ठसे दिसले. आईनं ते बघून सांगितलं, "ऐकून गेलंय." माझ्या कामाबद्दल तक्रार न केलेला तो एकमेव श्रोता.

घोटाळा झाला तो दुसरीकडेच. आमच्या मळ्यांत कांद्याची लागण सावडीनं होते. आज सगळ्या बाया माझ्या रानात, उद्या मी त्यांच्या रानात, असं करत सगळ्यांची लागण उरकते. सावड एकदा ठरली की बाहेरची माणसं आणायची नाहीत, हा त्यातला न लिहिलेला कायदा. बाहेरच्या बाया आणल्या म्हणजे तुम्हाला आमची गरज राहिली नाही, असा त्याचा अर्थ होतो. आणि ऊस पुरुषभर उंच असल्यामुळे आमच्या रानात कोण आहे ते कोणाला दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. आठ दिवस रोज सकाळी चार-पाच बाया आमच्या रानात बोलत होत्या.

डेअरीवर आईला एकीनं विचारलं, "काय मग, तुमच्याकडं आता लई माणसं हायेत म्हणं?" आईला वाटलं थट्टा आहे. ती हसली. त्या हसण्याचाही अर्थ लावला गेला. लागणीचं ठरवायला ती शेजारच्या वहिनीकडे गेली तर वहिनींना माहेरी जायचं होतं. दुसरीच्या कंबरेत उसण भरली होती. तिसरी म्हणाली, "आणलेल्या बायांकडूनच घ्या की उरकून."

आमचं रोप तयार होतं. कांद्याचं रोप फार थांबत नाही. आठवड्यात लावलं नाही तर वाफ्यातच मुळाशी गाठ धरायला लागतं आणि मग ते लावून उपयोग नसतो. वर्षाचं पीक त्या दोन वाफ्यांत उभं होतं आणि आईला त्याहून मोठी गोष्ट खुपत होती. ती चुलीपुढं बसून म्हणाली, "सून म्हणून आले तवापासून मी या सावडीत हाय. मला कुणी न्हाई म्हटलं नव्हतं." तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती घाबरून म्हणाली. उसाला घाबरायची त्याहून जास्त.

मला सगळ्यांचा राग आला. माझ्या इतक्या चांगल्या कामाचं कौतुक करायचं सोडून या बाया रुसून बसल्या होत्या. मी लॅपटॉप आणि स्पीकर उचलले आणि थोरल्या काकींकडे गेलो. थोरल्या काकी म्हणजे सावडीचं हायकोर्ट. वय सत्तरीचं, लागणीला अजून सगळ्यांत पुढं. त्यांच्या पडवीत पाच-सहा बाया लसूण सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, काकी, बाहेरच्या बाया कोणी नाहीत. त्या या डब्यात आहेत.

"लाव," काकी म्हणाल्या.

मी लावलं. चार आया पडवीत बोलायला लागल्या. बायांचे हात थांबले. काकी डोळे मिटून ऐकत होत्या.

"ही तुजी आई," त्या म्हणाल्या. "ही बी तुजी आई. ती सावकाश बोलती ती बी असंल. पण ही नाकात बोलणारी आपल्यातली न्हाई. ही घाटघरकडची हाय. लागणीला आली व्हती, मला बाजारात भेटलीय."

"काकी, तीही आईच आहे. मी नाकात चढवलीय."

"मला सांगू नको. मी तिच्याशी बोललेय."

दोन बायांनी माना डोलावल्या. त्याही तिला भेटल्या होत्या. मी चावी फिरवून तिसरीचा सूर हळूहळू खाली आणला. पडवीत सगळ्यांसमोर घाटघरची बाई आई होत गेली. मग दुसरी घालवली, चौथी घालवली. एकटी आई उरली, "पावणं, वाट सोडा" म्हणत. बायांनी पुन्हा लसूण हातात घेतला. मला वाटलं आता पटलं.

"बाकीच्या कुठं गेल्या?" काकींनी विचारलं.

"नव्हत्याच."

"बरं. नव्हत्या. मग त्यांनी काम काय केलं?"

"काही नाही. नुसतं बोलल्या."

"आन ह्या बोलायला कशाला लागल्या?"

मी वाघराचं सांगितलं. खात्याच्या माणसांनी काय सांगितलं ते सांगितलं. डबल ट्रॅक म्हणजे काय ते सांगितलं. आवाज चार ठिकाणांहून आला की जनावराला चार माणसं वाटतात, ते हातवारे करून सांगितलं. माझं सगळं बोलून झाल्यावर काकींनी मांडीवरचं लसणाचं सूप बाजूला ठेवलं.

"सकाळी सहाला तू कुठं असतोस?"

"झोपलेला असतो."

"घरातच ना?"

"घरातच."

"मग एक माणूस तर घरात व्हता."

मी लॅपटॉप मिटला. उत्तर माझ्याकडे होतं, म्हणजे मी उशिरापर्यंत काम करतो, माझं काम कोणाला कळत नाही, असं बरंच काही. त्यातलं एकही वाक्य त्या बायांसमोर मोठ्यानं म्हणता येण्यासारखं नव्हतं.

हायकोर्टाचा निकाल असा लागला की बाया परवा आमच्या लागणीला येतील. पण त्या चार बायांमुळं सगळ्यांना आठ दिवस तोंड फिरवून बसावं लागलं, त्याची भरपाई म्हणून त्या चौघींची सावड मी फेडायची. चार रानांत एकेक दिवस. मी म्हटलं, काकी, त्या नव्हत्याच हे आत्ताच ठरलं ना? काकी म्हणाल्या, "घाटघरच्या बाईचं मला अजून पटलेलं न्हाई."

लागणीच्या दिवशी आठ बाया आल्या. घास आदल्या दिवशीच कापून ठेवला होता. आईनं पहाटेपासून चहाचं आधण ठेवलं होतं, दोनदा रोप मोजल्यासारखं करून मोजायचं विसरली होती. वहिनी माहेरी न जाताच आल्या होत्या. कंबरेत उसण भरलेली बाई सगळ्यांत भराभर वाकत होती. मला कडेची सरी दिली. दोन तासांत मी इतका मागं पडलो की काकी म्हणाल्या, "ही चौथी दिसतीय. आळशी."

सगळ्या हसल्या. मीही हसलो, कारण पाठ सरळ करायला तेवढंच निमित्त होतं. बाया बोलत होत्या, एकमेकींच्या बोलण्यात बोलत होत्या, कोणी सुनेचं, कोणी गुडघ्याचं, कोणी नुसतंच. मी धंद्याच्या सवयीनं कान देऊन एकेकीचा आवाज वेगळा करत होतो. आठ आवाज सापडले, नववा सापडेना. पुन्हा ऐकलं. आई बोलत नव्हती. ती मधल्या सरीत वाकून रोप लावत होती, बाकीच्यांचं ऐकत होती आणि दुपार झाली तरी तिनं तोंड उघडलं नव्हतं.

मला वाटलं अजून मनात काहीतरी आहे. पाणी प्यायला थांबलो तेव्हा मी काकींना हळूच विचारलं, आई रुसलीय का?

"ती?" काकी म्हणाल्या. "ती कदी बोलती? आमच्यात सगळ्यात गप्प तीच. आली तवापासून. माणसांत असली की ती सुखानं गप्प असती."

आईनं ते ऐकलं होतं. तिनं तोंडावरचं पाणी पदरानं पुसलं, माझ्याकडे बघून जरा हसली आणि परत सरीत जाऊन वाकली.

मी कडेच्या सरीत बसूनच राहिलो. माझ्या लॅपटॉपमध्ये आईचं पंधरा मिनिटांचं बोलणं होतं. ते मी शेकडो वेळा ऐकलं होतं, त्यातला श्वास न् श्वास मला पाठ होता. मला वाटायचं माझी आई बोलकी आहे. त्यातलं एक वाक्यही तिच्या स्वभावातलं नव्हतं. ती सगळी भीती होती, आणि मी ती चारपट करून, कापरेपणा काढून, डावी-उजवीकडे नीट मांडून तिच्याच पिशवीत शिवून दिली होती. मला स्वतःची फार लाज वाटली. वाकल्यामुळे ते कोणाला दिसलं नाही.

दिवस मावळायच्या आत लागण संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी आईबरोबर घासाला निघालो. अंग इतकं दुखत होतं की विळाही तिनंच घेतला होता. स्पीकर घरी ठेवले होते. दोन्ही बाजूंना ऊस, वर धुकं, पुढचं दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. उसात काहीतरी सळसळलं. वारा नव्हता. मी आईच्या जवळ सरकलो. आई पुढं चालत होती, तिच्या नेहमीच्या चालीनं, तोंड मिटून.

"आई," मी म्हटलं, "बोल की काहीतरी. मोठ्यानं."

ती वळली नाही.

"आता कशाला?" ती म्हणाली. "तू हायेस की."